सतरा वर्षांनी लिहिलेलं पत्र



मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ मला जिन्यात भेटले. पन्नाशीच्या आसपासचे असतील. म्हणाले, "सर, आमच्या दहावीच्या बॅचचा ग्रुप झालाय. मागच्या महिन्यात सगळे शाळेच्या पटांगणावर भेटलो. शाळेत जे एकमेकांचं तोंड बघत नव्हते ते गळ्यात पडून रडले. हे सगळ्यांना याच वयात का सुचतं हो? याला काही इतिहास आहे का?" मी म्हटलं, इतिहास आहे, आणि पुढच्या वेळी त्यावरच बोलतो. म्हणजे आजचा विषय त्यांनी दिलेला आहे. ते आले असतील तर मागे बसू नका, पुढे या.

'मिडलाइफ क्रायसिस' हा शब्द आपण आता इतक्या सहज वापरतो की तो जुनाच असेल असं वाटतं. तो फार जुना नाही. एलियट जॅक्स नावाचे मूळचे कॅनडाचे, लंडनमध्ये काम करणारे एक मनोविश्लेषक होते. त्यांनी १९६५ साली एका नियतकालिकात निबंध लिहिला आणि तिथून हा शब्द रुळला. नंतर लाल गाडी घेणारा, केस काळे करणारा मध्यमवयीन पुरुष अशी त्याची थट्टा झाली. पण जॅक्सच्या निबंधाच्या शीर्षकात पहिला शब्द 'मृत्यू' हा आहे, हे आपण विसरतो. त्याचं म्हणणं साधं होतं. चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे माणसाला पहिल्यांदा खरोखर कळतं की आपण मरणार आहोत. 'माणसं मरतात' हे लहानपणापासून ठाऊक असतं. 'मी मरणार' हे तेव्हा कळतं. त्याने दाखले दिले ते चित्रकारांचे, संगीतकारांचे, कवींचे. दान्तेचं महाकाव्य आयुष्याच्या ऐन मध्यावर अरण्यात वाट चुकलेल्या माणसापासून सुरू होतं, ते तुम्हाला आठवत असेल.

शब्द १९६५चा असला तरी दुखणं जुनं आहे. आज मी एकाच माणसाच्या दुखण्याबद्दल बोलणार आहे. त्याने ते स्वतःच लिहून ठेवलंय, त्याच्या बायकोने लिहून ठेवलंय, मुलांनी, मेव्हण्याने, मित्रांनी लिहून ठेवलंय. इतका कागद क्वचितच कोणाच्या पन्नाशीवर खर्च झाला असेल. तो माणूस म्हणजे लिओ टॉल्स्टॉय.

आपल्याकडे टॉल्स्टॉय पोचला तो बराचसा गांधीजींच्या मार्फत, त्यामुळे डोळ्यांसमोर येतो तो लांब दाढीचा, शेतकऱ्याच्या सदऱ्यातला ऋषी. तो आज बाजूला ठेवा. आपला टॉल्स्टॉय एक्केचाळीस वर्षांचा आहे. 'युद्ध आणि शांती' संपत आलीय. तब्येत दणकट, चार मुलं, मोठी जमीनदारी. सप्टेंबर १८६९मध्ये तो पेन्झा प्रांतात एक जमीन स्वस्तात मिळतेय का ते बघायला निघाला. वाटेत अर्झामास नावाच्या गावात मुक्काम केला. रात्री दोनच्या सुमाराला जाग आली आणि विनाकारण, अगदी विनाकारण, त्याला भीतीने घेरलं. तो दमला होता, झोप हवी होती, कुठे दुखत नव्हतं. तरी असं भय पूर्वी कधी वाटलं नव्हतं, असं त्याने पुढच्या मुक्कामावरून बायकोला कळवलं. पुढे बऱ्याच वर्षांनी या रात्रीवर त्याने एक गोष्ट लिहायला घेतली, ती अर्धवटच राहिली.

त्या रात्रीनंतर लगेच काही झालं नाही, हे लक्षात घ्या. आपल्याला वाटतं संकट एका झटक्यात येतं. हे नऊ वर्षं मुरत राहिलं. मध्ये घरात मरणं झाली. नोव्हेंबर १८७३मध्ये दीड वर्षाचा मुलगा गेला. १८७४मध्ये तात्याना आत्या गेली. टॉल्स्टॉय दोन वर्षांचा होण्याआधीच त्याची आई वारली होती, आठ वर्षांचा असताना वडील, त्यामुळे या दूरच्या नात्यातल्या आत्यानेच त्याला आईची माया दिली होती. १८७५मध्ये आणखी एक तान्हा मुलगा, मग जन्मून काही तासच जगलेली मुलगी, मग दुसरी आत्या. दोन वर्षांत पाच तिरड्या. आणि याच काळात तो 'ॲना कॅरेनिना' लिहीत होता, मासिकातून हप्त्याहप्त्याने.

मग ते दिवस आले ज्यांचं वर्णन त्याने 'कबुलीजबाब' या पुस्तकात केलंय. पुस्तक रशियात छापू दिलं नाही, १८८४मध्ये जिनिव्हात निघालं. त्यात तो सांगतो की मी पन्नाशीच्या आत होतो, प्रेमळ बायको, चांगली मुलं, पैसा, नाव सगळं होतं, आणि मी खोलीतली दोरी स्वतःपासून लपवत होतो. बंदूक घेऊन शिकारीला जाणं बंद केलं, कारण हाताशी सोपा उपाय नको होता.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ते आपल्या घरातलं आहे. ही अवस्था सांगायला टॉल्स्टॉय एक पौर्वात्य गोष्ट वापरतो. श्वापदाला घाबरून एक प्रवासी कोरड्या विहिरीत उतरतो. तळाशी अजगर आ वासून बसलाय. हा मधेच एका झुडपाला लोंबकळतो. त्या फांदीला एक काळा आणि एक पांढरा उंदीर कुरतडतायत. आणि पानांवरून मधाचे थेंब ओघळतायत, ते तो चाटतोय. ओळखलीत? महाभारतात स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला हीच गोष्ट सांगतो. शंभर मुलं गमावलेल्या बापाला सांगतो. जैन परंपरेत तिला मधुबिंदूचा दृष्टांत म्हणतात. ती इथून निघाली, बुद्धचरित्राच्या एका रूपांतराला चिकटून, भाषा बदलत ख्रिस्ती जगात गेली. बोधिसत्त्वाचा तिकडे जोसाफट नावाचा ख्रिस्ती संत झाला. तर यास्नाया पोल्यानातला रशियन जमीनदार आपलं दुःख सांगायला आपल्या विदुराचे शब्द उसने घेतो. आणि पुढे म्हणतो, माझे मधाचे थेंब दोन होते, कुटुंबाचं प्रेम आणि लेखन. आता ते गोड लागेनासे झाले. पुढच्या हकिकतीसाठी हे ध्यानात ठेवा.

अशा अवस्थेत माणूस काय करतो? टॉल्स्टॉयने बरंच केलं. उपास केले, चर्चमध्ये गेला, १८७७मध्ये ऑप्टिना मठात साधूंना भेटून आला. आणि १८७८च्या वसंतात त्याने दोन गोष्टी केल्या ज्या मला जास्त बोलक्या वाटतात. एक, आपल्या अगदी पहिल्या आठवणी तो लिहायला बसला. दुपट्यात घट्ट गुंडाळलंय, हात सोडवायचेत, कुणी सोडवत नाही म्हणून रडतोय, इथपर्यंत मागे गेला. आणि दुसरं, ६ एप्रिलला त्याने इव्हान तुर्गेनेव्हला पत्र लिहिलं. तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या देतोय, त्या काळी आपल्या कॅलेंडरहून बारा दिवस मागे. ईस्टर दहा दिवसांवर होता. उपवासाचा आणि क्षमा मागण्याचा काळ.

आता तुर्गेनेव्ह कोण आणि पत्र का मोठं, हे सांगायला सतरा वर्षं मागे जायला हवं.

तुर्गेनेव्ह टॉल्स्टॉयहून दहा वर्षांनी मोठा. १८५५मध्ये सेवास्तोपोलच्या लढाईतून आलेला तरुण अधिकारी टॉल्स्टॉय पीटर्सबर्गला थेट त्याच्याच घरी उतरला. दोघांचं जमायचं आणि लगेच बिनसायचं. मे १८६१मध्ये दोघं अफनासी फेत या कविमित्राच्या गावच्या घरी पाहुणे होते. त्याच्या आदल्याच मुक्कामात तुर्गेनेव्हने आपल्या नव्या कादंबरीचं हस्तलिखित टॉल्स्टॉयला वाचायला दिलं होतं, आणि टॉल्स्टॉयला वाचता वाचता झोप लागली होती. कादंबरी 'बाप आणि मुलं'! म्हणजे आधीच धुसफूस असणार. सकाळी न्याहारीच्या टेबलावर तुर्गेनेव्ह कौतुकाने सांगू लागला, माझ्या मुलीच्या इंग्रज शिक्षिकेने तिला गरिबांचे फाटके कपडे घरी आणून शिवायला लावलंय. टॉल्स्टॉय म्हणाला, नटूनथटून मांडीवर घाणेरडी चिंधी घेऊन बसलेली मुलगी म्हणजे नाटक आहे, खोटेपणा आहे. ही मुलगी तुर्गेनेव्हला लग्नाबाहेर झालेली होती, घरातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईपासून. बापाचा सगळ्यात दुखरा कोपरा. तुर्गेनेव्ह भडकला, थोबाडीत मारीन म्हणाला, खोलीबाहेर गेला, परत येऊन यजमानीणबाईंची माफी मागितली आणि निघून गेला.

पुढे जे झालं त्यात टपालाचा वाटा मोठा आहे. टॉल्स्टॉयने लेखी माफी मागितली. तुर्गेनेव्हने ती ताबडतोब दिली, पण पत्र भलत्याच घरी पाठवलं. टॉल्स्टॉय घोडे बदलण्याच्या ठाण्यावर वाट बघत बसला. उत्तर येईना. म्हणून त्याने बंदुका मागवल्या आणि द्वंद्वाचं आव्हान धाडलं. लेखक लोक करतात तसलं, शेवटी शॅम्पेन पिऊन संपणारं द्वंद्व नको, खरंखुरं हवं म्हणाला. मग माफीचं पत्र पोचलं, तर हा म्हणाला, घाबरला तो मला. शरद ऋतूत टॉल्स्टॉयला पश्चात्ताप झाला, त्यानेही माफीचं पत्र लिहिलं, ते एका पुस्तकविक्रेत्याच्या पत्त्यावर. ते तुर्गेनेव्हला मिळायला तीन महिन्यांहून जास्त लागले. तोवर त्याच्या कानावर गेलं की टॉल्स्टॉय आपली बदनामी करणारं पत्र मॉस्कोत फिरवतोय, आणि पॅरिसहून त्यानेच उलट आव्हान दिलं. दोघांनीही माफी मागितली होती हो! दोन्ही पत्रं चुकीच्या वेळी पोचली, इतकंच. शेवटी द्वंद्व झालं नाही, आणि बोलणंही झालं नाही. सतरा वर्षं.

माझंही एका मित्राशी असं झालंय, कारण याहून फुटकळ. तेवीस वर्षं. म्हणून असेल, पण हे प्रकरण मला हसून सोडता येत नाही.

तर १८७८चं पत्र. ते लहान आहे, आणि त्यात काय नाही ते बघण्यासारखं आहे. भांडणाचा तपशील नाही. कोण बरोबर होतं याची चर्चा नाही. आपल्याला आयुष्याचं कोणतं सत्य सापडलंय याचा उपदेश तर नाहीच, आणि हा तोच टॉल्स्टॉय आहे जो पुढची तीस वर्षं जगाला उपदेश करणार आहे. तो एवढंच म्हणतो, की अलीकडे तुमची आठवण काढताना लक्षात आलं, माझ्या मनात तुमच्याबद्दल काही वैर उरलेलं नाही, याचं मलाच आश्चर्य आणि आनंद वाटला. तुमचंही तसंच असेल तर हात पुढे करा, आणि माझं जे चुकलं असेल त्याची क्षमा करा. तुम्ही मला सुरुवातीला लेखक म्हणून किती आधार दिलात ते मी विसरलेलो नाही.

हेही पत्र टपालात अडकलं. टॉल्स्टॉयने ते पॅरिसला, पोस्टात ठेवून घेण्यासाठी म्हणून पाठवलं होतं. महिना उलटून गेल्यावर ते तुर्गेनेव्हच्या हातात पडलं. त्याने मिळाल्या दिवशीच उत्तर लिहिलं. हात घट्ट धरतो, म्हणाला, आणि उन्हाळ्यात येतो.

८ ऑगस्टला आला. टॉल्स्टॉय मेव्हण्याला घेऊन त्याला आणायला तुला शहरापर्यंत गेला. जेमतेम पन्नाशी गाठणारा एक आणि साठीला आलेला, संधिवाताने पाय दुखणारा, केस पांढरे झालेला दुसरा. मेव्हण्याने एक आठवण लिहून ठेवलीय. फिरायला गेले असताना वाटेत मुलांचा सी-सॉ होता, ओंडक्यावर आडवी टाकलेली फळी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि दोन टोकांना चढून उड्या मारू लागले. रशियन साहित्यातली दोन थोर माणसं, एक वर, एक खाली.

अशाच एका भेटीत जेवणाच्या टेबलावर तेरा माणसं झाली, म्हणजे अपशकुन. तुर्गेनेव्ह फ्रेंचमध्ये म्हणाला, मरणाला कोण कोण भितं, हात वर करा. आणि स्वतःचा वर केला. बाकी कुणी केला नाही. मग यजमानाने, म्हणजे टॉल्स्टॉयने, आपलाही हात वर केला. घरच्यांना वाटलं पाहुण्याला एकटं वाटू नये म्हणून केला. अर्झामासची रात्र माहीत असलेल्या आपल्याला तसं वाटायचं कारण नाही.

आता हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, चला, जुना मित्र मिळाला, माणूस बरा झाला. तसं झालं नाही. त्या भेटीनंतर महिन्याभराने टॉल्स्टॉयने फेतला कळवलं, की तुर्गेनेव्ह अगदी तसाच आहे, आणि आमच्यात किती जवळीक शक्य आहे ते आता आम्हा दोघांना ठाऊक आहे. मला विचाराल तर या सगळ्या हकिकतीतलं सगळ्यात शहाणं वाक्य हे आहे. जवळीक होईल, पण इतकीच. आणि ती माप ओळखून केलेली मैत्री टिकली. १८८०मध्ये मॉस्कोत पुश्किनच्या पुतळ्याचा समारंभ होता, तुर्गेनेव्ह स्वतः बोलवायला आला. टॉल्स्टॉयने साफ नकार दिला. तरी फाटलं नाही. १८८१मध्ये सोन्याच्या वाढदिवसाला तुर्गेनेव्हने मुलांना कॅनकॅन नाच करून दाखवला, आणि टॉल्स्टॉयने डायरीत नोंद केली की वाईट वाटलं. पण ते डायरीत राहिलं. १८६१चा टॉल्स्टॉय असता तर टेबलावरच बोलला असता. उलट तुर्गेनेव्ह फ्रान्समध्ये 'युद्ध आणि शांती'च्या प्रती वाटत फिरत होता, फ्लोबेरला वाचायला देत होता. १८८३च्या जूनमध्ये बुजिव्हालला अंथरुणावरून, पेन धरवत नाही म्हणून पेन्सिलीने, त्याने टॉल्स्टॉयला शेवटचं पत्र लिहिलं. विनंती एकच होती, साहित्याकडे परत या. दोन महिन्यांनी गेला. ऑक्टोबरमध्ये मॉस्कोत टॉल्स्टॉय त्याच्यावर बोलणार होता, सरकारने ती सभाच होऊ दिली नाही.

आता घरात या. कारण ते गृहस्थ जिन्यात फक्त मित्रांबद्दल बोलले होते, घरच्यांबद्दल मी विचारलं नाही.

ज्या वर्षांत टॉल्स्टॉय तुर्गेनेव्हला जसाच्या तसा स्वीकारत होता, त्याच वर्षांत घरच्या कुणालाही जसंच्या तसं स्वीकारणं त्याला जमेनासं झालं. दरबारात असलेली अलेक्झांड्रा नावाची नात्यातली बाई, ज्यांना तो लाडाने आजी म्हणायचा, त्याची वीस वर्षांची पत्रमैत्रीण. १८८०च्या आरंभी धर्मावरून तिच्याशी इतका वाद घातला की तिचा निरोप न घेता गाव सोडलं. आणि सोन्या! सोन्याच्या बाजूने मी बोललो नाही तर अन्याय होईल. अठराव्या वर्षी लग्न, तेरा बाळंतपणं, नवऱ्याच्या गिचमिड हस्तलिखितांच्या नकला. १८८१च्या सप्टेंबरमध्ये मुलांच्या शिक्षणासाठी घर मॉस्कोला हलवलं तेव्हा सात मुलं आणि आठवं पोटात. आणि नवरा सांगतोय, मालमत्ता पाप आहे, सोडून दे. त्याला ती आपल्याबरोबर हवीच होती. पण ज्या जागी तो पोचला होता तिथे यायला हवी होती, आणि तेही ताबडतोब. तुर्गेनेव्हकडे त्याने क्षमा मागितली होती. सोन्याकडे त्याने मतपरिवर्तन मागितलं. जून १८८४मध्ये भांडण करून, खांद्याला पिशवी लावून तो तुलाच्या रस्त्याने चालू लागला, कायमचा. अर्ध्या वाटेवर आठवलं की ती अगदी आज-उद्यावर आहे. परत फिरला. त्याच रात्री तिला कळा सुरू झाल्या आणि पहाटे अलेक्झांड्रा जन्मली.

इतिहासकार म्हणून मला इथे एक गाठ दिसते. आपल्याकडे स्मृतिकारांनी सांगून ठेवलं, सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवाचं तोंड पाहिलं, की वनाची वाट धरा. म्हणजे उतारवयाचा उपाय काय, तर नाती सोडवणं. आजचं शहाणपण बरोबर उलटं सांगतं, नाती पुन्हा जोडा, ग्रुप करा, भेटा. टॉल्स्टॉयला दोन्ही हवं होतं. १८९७मध्ये त्याने सोन्याला निरोपाचं पत्र लिहिलं, त्यात चक्क लिहिलं की हिंदू जसे साठीच्या सुमाराला वनात जातात तसं मलाही जायचंय. पण ते पत्र दिलं नाही, लपवून ठेवलं. ते सोन्याच्या हातात पडलं त्याच्या मृत्यूनंतर. पुन्हा एक उशिरा पोचलेलं पत्र.

२८ ऑक्टोबर १९१०, पहाट. ब्याऐंशीव्या वर्षी तो अखेर घरातून निघाला. कुठे गेला? वनात नाही. आधी ऑप्टिना, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शामोर्दिनोच्या मठात, जिथे त्याची बहीण मारिया जोगीण होऊन राहत होती. पाच भावंडांतली आता ही दोघंच उरली होती. धाकटी बहीण, ऐंशी वर्षांची. तिचं आयुष्य काही सरळ गेलेलं नव्हतं. नवऱ्याला सोडलं, परदेशात दुसऱ्या पुरुषापासून मुलगी झाली, एके काळी तिनेही जीव द्यायचे विचार भावाला लिहिले होते. ज्या चर्चने टॉल्स्टॉयला १९०१मध्ये बाहेर काढलं त्याच चर्चची ती जोगीण. तरी त्या संध्याकाळी कोण कुणाला पटवत बसलं नाही. तो तिच्याजवळ रडला, घरचं सांगितलं. सकाळी उठून जवळच्या खेड्यात भाड्याने झोपडी मिळते का ते बघून आला. इथेच राहतो म्हणत होता.

पण मुलगी अलेक्झांड्रा, तीच, १८८४च्या त्या पहाटेची, निरोप घेऊन आली की आई मागावर येऊ शकते. पुन्हा पहाटे, बहिणीला न भेटता, तिच्यासाठी चिठ्ठी ठेवून तो निघाला. गाडीत ताप चढला. अस्तापोवो नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरवलं, स्टेशनमास्तरने आपलं घर दिलं. सोन्या खास गाडी करून पोचली, पण तिला आत जाऊ दिलं नाही. फलाटाच्या बाजूने ती खिडकीशी टाचा उंचावून आत बघते आहे, हे एका फ्रेंच कंपनीच्या कॅमेऱ्याने टिपलंय, आजही बघायला मिळतं. तिला आत सोडलं तेव्हा त्याची शुद्ध गेलेली होती.

वेळ झाली. दहा मिनिटं आहेत, प्रश्न घेऊ या. जिन्यातले गृहस्थ आलेत का? त्यांचा पहिला.